पंचवीस गुणांचा करार

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाचा करार बदलला. वर्षाचा पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला आणि दोन अटी घातल्या. येत्या हंगामात संघाने सामन्यामागे सरासरी किमान २५ गुण करायचे आणि किमान सात सामने जिंकायचे. दोन्ही जमलं तर करार पुढे चालणार, पगारही वाढणार. नाही जमलं तर हंगामाबरोबर करारही संपणार. तेरा सामन्यांचा हंगाम धरला तर २५ गुणांप्रमाणे ३२५ होतात. त्या वर्षी प्रत्येक सामन्यानंतर हाच हिशेब मांडला जात होता: इतके झाले, इतके राहिले.

ज्याच्यासाठी ही अट होती तो ब्रायन फेरेंट्झ. संघाचे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ हे त्याचे वडील. नातेवाइकाने नातेवाइकाच्या हाताखाली काम करू नये असा विद्यापीठाचा नियम, म्हणून कागदोपत्री ब्रायन वडिलांना जबाबदार नव्हता. त्याचे वरिष्ठ होते क्रीडा संचालक गॅरी बार्टा. रोजचं काम बापाबरोबर आणि जाब मात्र बार्टांना, अशी ही व्यवस्था होती.

आपल्याकडे क्रिकेटच्या कप्तानावरून भांडणं होतात, निवड समितीला शिव्या बसतात, पण फलंदाजीचा प्रशिक्षक कोण यावरून घराघरात वाद झाल्याचं फारसं दिसत नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये तो होतो. सहायक प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली की त्या राज्यातले लोक उमेदवारांची नावं, त्यांचे मागच्या दहा वर्षांतले आकडे, त्यांचे जुने गुरू सगळं बाहेर काढतात. रेडिओवर श्रोत्यांच्या फोनचे कार्यक्रम रंगतात. विद्यापीठाशी संबंधित खासगी विमान कुठून उडालं आणि कुठे उतरलं हे पाहून, बोलणी कुणाशी चालली असावीत याचे अंदाज बांधणारे लोकही आहेत. या सगळ्याला वेडेपणा म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. या वादाला कारणं आहेत, त्यातली काही खुद्द खेळाच्या रचनेत आहेत, आणि वाद कधी योग्य ठिकाणी बोट ठेवतो, कधी भलतीकडेच जातो, हे शिकण्यासारखं आहे.

आधी खेळाची रचना पाहू. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. इथे चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही सरकले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. तीन प्रयत्न फसले की बहुतेक वेळा चेंडू पायाने लांब मारून देतात, त्याला पंट म्हणतात. महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. आणि पुढचा प्रयत्न सुरू होण्याआधी कुणीतरी चाल ठरवून ती मैदानात कळवलेली असते. आक्रमणाची चाल ठरवणारा तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, बचावाची ठरवणारा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. दोघेही मुख्य प्रशिक्षकाचे सहायक. एका सामन्यात आक्रमणाच्या साठ-सत्तर चाली होतात. म्हणजे साठ-सत्तर वेळा एका माणसाचा निर्णय हजारो लोकांसमोर उघडा पडतो, आणि फसला तर कुणाचा फसला हेही सगळ्यांना ठाऊक असतं. क्रिकेटमध्ये किंवा आपल्या फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची चूक खेळाडूच्या हालचालीत मिसळून जाते. इथे ती वेगळी दिसते. निदान तसं वाटतं.

दुसरं कारण आयोवाचं स्वतःचं आहे. राज्याची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, आइस हॉकी यांपैकी कशाचाही सर्वोच्च पातळीवरचा व्यावसायिक संघ राज्यात नाही. जो काही मोठा खेळ आहे तो विद्यापीठांचा. आयोवा सिटी हे मक्याच्या शेतांमधलं गाव पाऊण लाख वस्तीचं, आणि तिथलं किनिक स्टेडियम ६९ हजारांचं. सामन्याच्या शनिवारी स्टेडियमची लोकसंख्या गावाच्या जवळपास होते. मराठी वाचकाला हे गाव दुसऱ्या कारणाने माहीत असू शकेल. इथल्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात होते. साहित्यिकांच्या जगात आयोवा सिटीचं नाव लेखनामुळे आहे, बाकीच्या आयोवासाठी ते फुटबॉलमुळे आहे.

तिसरं कारण पैशाचं आणि हक्काचं. आयोवा हे सरकारी विद्यापीठ. राज्याच्या सेवेतला सर्वांत जास्त पगाराचा माणूस तिथे राज्यपाल नाही, फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक आहे. कर्क फेरेंट्झ यांचा करार वर्षाला सुमारे ७० लाख डॉलरचा. हा पैसा प्रामुख्याने तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि देणगीदार यांच्याकडून येतो, करातून नाही, हे खरं. पण २०२३ च्या मार्चमध्ये, संघात वंशभेदाची वागणूक मिळाली असा दावा करणाऱ्या काही माजी खेळाडूंशी विद्यापीठाने सुमारे ४२ लाख डॉलरची तडजोड केली, तेव्हा त्यातले २० लाख राज्याच्या तिजोरीतून गेले. राज्याचे लेखापरीक्षक रॉब सँड यांनी त्याला उघड विरोध केला. सरकारी संस्था असल्यामुळे करारही जनतेला पाहता येतात. २५ गुणांची अट लोकांना कळली ती त्यामुळेच. अशा वेळी प्रेक्षकाने मत मांडलं तर तो नसत्या उठाठेवी करतो असं म्हणता येत नाही.

आता ब्रायनची गोष्ट. तो आयोवाच्याच संघात लाइनमन म्हणून खेळला. म्हणजे चेंडूला हात न लावता समोरच्याला अडवण्याचं कष्टाचं काम. पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात प्रशिक्षकांच्या ताफ्यात राहिला, २०१२ मध्ये वडिलांच्या संघात आला आणि २०१७ मध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला. पहिल्याच वर्षी, ४ नोव्हेंबर २०१७ ला, आयोवाने बलाढ्य ओहायो स्टेटला ५५-२४ असं चिरडलं. त्या दिवशी ओहायो स्टेटचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता ग्रेग शियानो. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. टाइट एंड नावाच्या जागेवर खेळणारे आयोवाचे दोन खेळाडू, टी. जे. हॉकिन्सन आणि नोआ फँट, २०१९ च्या व्यावसायिक निवडीत दोघेही पहिल्या फेरीत गेले. एकाच विद्यापीठाचे दोन टाइट एंड एकाच वर्षी पहिल्या फेरीत, ही अपूर्व गोष्ट होती.

मग आक्रमण आटत गेलं. २०२२ च्या पहिल्या सामन्यात आयोवाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं. सात म्हटलं की जाणकाराला वाटेल, एक टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलक्षेत्रात नेणं, आणि वरचा एक गुण. पण तसं काही झालं नव्हतं. एक फील्ड गोल म्हणजे तीन गुण, आणि दोन सेफ्टी म्हणजे चार. सेफ्टी बचावाची फळी मिळवते, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पकडून. म्हणजे सातपैकी चार गुण बचावाचे. त्या हंगामाची सरासरी निघाली १७.७, आणि एकूण यार्डांत देशातल्या १३१ संघांत आयोवा १३०वा. त्याच वर्षी ब्रायनकडे क्वार्टरबॅकना शिकवण्याचंही काम आलं होतं. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, आणि ब्रायन स्वतः त्या जागेवर कधी खेळलेला नव्हता.

लोकांचा वाद इथे ऐन भरात आला. एका गटाचं म्हणणं सरळ होतं: मुलगा नसता तर हा माणूस केव्हाच घरी गेला असता. दुसरा गट म्हणत होता की ब्रायन फक्त वडिलांना हवा तसा खेळ चालवतो. कर्क फेरेंट्झ यांचा विश्वास बचावावर, पंटवर आणि चुका न करण्यावर, तेव्हा आक्रमणाचा प्रमुख कुणीही आणा, घोडा तिथेच अडणार. तिसरा गट जिंकलेले सामने मोजत होता: आठ जिंकले, पाच हरले, मग तक्रार कसली? मला या तिघांत दुसरा गट सर्वांत विचारी वाटतो. सहायकाची परीक्षा करताना त्याच्या हातात नेमकं काय आहे हा पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. पहिल्या गटाकडे राग होता आणि रागाला कारणही होतं. पण राग माणसाकडे पाहतो, कामाच्या वाटणीकडे पाहत नाही.

सहायकाच्या हातात काय असतं, हे प्रेक्षकाला फार थोडं दिसतं. शनिवारची चाल दिसते. सोमवार ते शुक्रवार समोरच्या संघाच्या चित्रफिती तासन् तास पाहून आखलेली योजना दिसत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला पायांची ठेवण शिकवणं दिसत नाही. आणि सर्वांत मोठं काम तर मैदानापासून शेकडो मैलांवर होतं: शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन, आईवडिलांसमोर बसून, त्यांना आपल्या विद्यापीठाकडे वळवणं. चांगला खेळाडू आणणारा सहायक चाली सांगण्यात सामान्य असला तरी संघ जिंकतो, उलट होणं अवघड. २०१८ पर्यंत संघाला मुख्य प्रशिक्षकाखेरीज नऊ सहायक ठेवता येत, मग दहा झाले, आणि जून २०२४ पासून मैदानावर शिकवणाऱ्यांच्या संख्येवरचं बंधनच उठलं. इतकी माणसं एकत्र राबत असताना गुणफलकावरच्या आकड्यात कुणाचा वाटा किती, हे बाहेरून मोजणं फार कठीण.

आणि विद्यापीठाने नेमकं तेच केलं. आकडा करारात घातला. त्या २५ गुणांत बचावाने मिळवलेले आणि पंट परतवून मिळवलेले गुणही धरायचे होते. म्हणजे आक्रमणाच्या प्रमुखाची नोकरी बचावाच्या फळीने वाचवली तरी चालणार होतं. माझं मत या बाबतीत पक्कं आहे. लोकांच्या वादावर निर्णय घ्यायचा तर घ्यावा, नाही तर निर्णय न घेण्याची जबाबदारी स्वीकारावी; वादच करारात लिहून ठेवणं हा दोन्हीतून पळ काढण्याचा मार्ग होता. त्याची किंमत खेळाडूंनी मोजली. जिंकलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटालाही प्रत्येकाची नजर २५ कडे.

२०२३ चा पहिला सामना आयोवाने २४-१४ असा जिंकला, सरासरीला एक गुण कमी. मग दुखापती सुरू झाल्या. मिशिगनहून मुद्दाम आणलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला. ल्यूक लेची आणि एरिक ऑल हे दोन्ही चांगले टाइट एंडही गेले. आक्रमण अक्षरशः थांबलं. २१ ऑक्टोबरला मिनेसोटाकडून आयोवा १०-१२ असा हरला. शेवटच्या मिनिटांत कूपर डीजीनने पंट परतवून टचडाउन केलाही होता, पण त्याने हात हलवून चेंडू सोडून देण्याची खूण केली असा निर्णय पंचांनी दिला आणि टचडाउन रद्द झाला. नऊ दिवसांनी, सहा विजय आणि दोन पराभव अशी स्थिती असताना, प्रभारी क्रीडा संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की हा ब्रायनचा आयोवातला शेवटचा हंगाम. बार्टा तोवर निवृत्त झाले होते. कर्क फेरेंट्झ यांना हंगामाच्या मध्यावर केलेली ही घोषणा पटली नाही, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पुढे जे झालं ते या खेळाच्या अभ्यासकांनी जपून ठेवावं असं आहे. जाणं ठरलेल्या माणसाच्या चालींवर आयोवा पुढचे चारही सामने जिंकला: १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. दहा विजय घेऊन विभागात पहिला आला. मग बिग टेन या आपल्या परिषदेच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून ०-२६ आणि १ जानेवारी २०२४ ला सिट्रस बोल या हंगामअखेरच्या सामन्यात टेनेसीकडून ०-३५. हंगामाची सरासरी १५.४ गुण. एकूण यार्डांत देशातले सगळे संघ आयोवाच्या वर. आणि याच संघाच्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर फिल पार्कर यांना त्याच वर्षी फ्रँक ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, जो १९९६ पासून देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला दिला जातो. पंट मारणारा टोरी टेलर हा ऑस्ट्रेलियन मुलगा तर त्या वर्षी देशातला सर्वोत्तम पंटर ठरला. एकाच मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली, एकाच हंगामात, देशातला सर्वोत्तम सहायक आणि देशात सर्वांत जास्त टीका झेलणारा सहायक शेजारी शेजारी बसले होते. सगळा दोष कर्क फेरेंट्झ यांच्या विचारसरणीचा असं म्हणणाऱ्यांनी पार्कर यांचं यशही त्यांच्याच खात्यात टाकायला हवं होतं.

आता शियानो. आयोवाकडून ५५ गुण खाल्ल्यानंतर तीनच आठवड्यांनी, रविवारी २६ नोव्हेंबर २०१७ ला, बातमी आली की टेनेसी विद्यापीठ त्याला मुख्य प्रशिक्षक करणार. टेनेसीचा तो हंगाम चार विजय आणि आठ पराभव असा संपला होता. इतके पराभव त्या विद्यापीठाच्या इतिहासात आधी कधी झाले नव्हते. नॉक्सव्हिलचं नेलँड स्टेडियम लाखावर प्रेक्षकांचं. तिथल्या लोकांना मोठं नाव हवं होतं, आणि मिळत होता एक सहायक. पण उठाव झाला तो केवळ त्यामुळे नाही. शियानो १९९० च्या दशकात पेन स्टेटमध्ये सहायक होता, जिथे जेरी सँडस्की या सहायक प्रशिक्षकाने मुलांवर लैंगिक अत्याचार केले आणि त्याबद्दल त्याला २०१२ मध्ये शिक्षा झाली. एका दिवाणी खटल्यातली जबानी २०१६ मध्ये उघड झाली होती. तिच्यात एका साक्षीदाराने दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट सांगितली होती, की शियानोने तेव्हा काहीतरी पाहिलं होतं. शियानोने ते नाकारलं. ज्याच्याकडून ऐकलं असं म्हटलं होतं, त्यानेही नाकारलं. शियानोवर कधी कसलाही आरोप दाखल झाला नाही.

तरी त्या रविवारी विद्यापीठाच्या आवारातल्या, विद्यार्थी रंगवतात त्या मोठ्या खडकावर शियानोवर थेट आरोप रंगवला गेला. राज्याचे लोकप्रतिनिधी विरोधात उतरले. व्हाइट हाउसच्या तेव्हाच्या प्रवक्त्या सारा हकबी सँडर्स यांनीसुद्धा विरोध केला. समजुतीच्या करारावर सह्या झालेल्या असूनही रात्रीच्या आत तो प्रस्ताव बारगळला. पाच दिवसांनी क्रीडा संचालक जॉन करी यांना दूर केलं, आणि पुढे त्यांना २५ लाख डॉलर देऊन तो विषय मिटवला.

लोकांना जे हवं होतं ते झालं. मग काय झालं? करींच्या जागी फिलिप फुलमर आले. टेनेसीचे लाडके माजी प्रशिक्षक, १९९८ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे, आणि स्वतः आधी त्याच संघाचे सहायक राहिलेले. त्यांनी अलाबामाचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जेरेमी प्रुइट याला निवडलं. तोही सहायकच. पण अलाबामासारख्या विजेत्या घरातला, म्हणून लोकांनी स्वीकारला. तीन हंगामांनंतर, जानेवारी २०२१ मध्ये, खेळाडू आणताना केलेल्या नियमभंगावरून प्रुइटला काढून टाकलं. २०२३ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने १८ गंभीर नियमभंग सिद्ध झाल्याचं सांगून टेनेसीला ८० लाख डॉलरहून जास्त दंड केला. शियानो २०१९ च्या डिसेंबरात रटगर्स या आपल्या जुन्या विद्यापीठात परत गेला आणि तिथे काम करू लागला.

या प्रकरणातून प्रेक्षकांनी गप्प बसावं असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. मला तो मान्य नाही. टेनेसीच्या लोकांना विचारायला हवे होते असे चांगले प्रश्न होते: शियानोने व्यावसायिक संघात दोन वर्षांत ११ सामने जिंकून २१ का हरले, खेळाडू त्याच्याबद्दल काय सांगतात, निवड इतकी गुपचूप का झाली. हे सगळं बाजूला पडलं आणि सिद्ध न झालेल्या, ऐकीव गोष्टीवर एका माणसाचं नाव खडकावर रंगवलं गेलं. लोकांनी आपला खरा मुद्दा सोडून सोपं हत्यार उचललं, आणि ते एका माणसाच्या अब्रूवर चालवलं. हा अन्याय होता, आणि तो यशस्वी झाला म्हणून न्याय ठरत नाही.

लोकांचा अंदाज दुसऱ्या दिशेने कसा चुकतो ते क्लेमसनमध्ये दिसतं. ऑक्टोबर २००८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसनचे मुख्य प्रशिक्षक टॉमी बाउडन हंगामाच्या मध्यावर गेले. क्रीडा संचालक टेरी डॉन फिलिप्स यांनी सूत्रं दिली डॅबो स्विनी याच्याकडे. स्विनी होता चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंचा प्रशिक्षक. तो कधी कोऑर्डिनेटरही नव्हता. काही वर्षांपूर्वी तर तो प्रशिक्षणाचं काम सोडून व्यापारी जागांच्या व्यवहारात नोकरी करत होता. कागदावर पाहिलं तर लोकांचा अविश्वास रास्त होता. २०१० चा हंगाम सहा विजय, सात पराभव असा गेल्यावर तो अविश्वास वाढला. फिलिप्स यांनी त्याला ठेवलं.

आणि मग स्विनीने जे केलं ते दोन सहायकांच्या निवडीतून केलं. २०११ च्या सुरुवातीला त्याने चॅड मॉरिसला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केलं. मॉरिस वर्षभरापूर्वीपर्यंत टेक्सासमध्ये शाळेचा प्रशिक्षक होता. त्याच हंगामाच्या शेवटी, जानेवारी २०१२ मध्ये, ऑरेंज बोलमध्ये क्लेमसनने वेस्ट व्हर्जिनियाकडून ७० गुण खाल्ले. स्विनीने डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केव्हिन स्टील याला निरोप दिला आणि ओक्लाहोमाहून ब्रेंट व्हेनेबल्सला आणलं. २०१६ मध्ये व्हेनेबल्सला ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला आणि त्याच हंगामात क्लेमसन राष्ट्रीय विजेता झाला. २०१८ च्या हंगामात पुन्हा. एका निवडीत शाळेचा प्रशिक्षक, दुसरीत नावाजलेला माणूस. दोन्ही वेळा ज्याला त्या माणसाबरोबर रोज काम करायचं होतं त्याने ठरवलं आणि नंतर त्याला मोकळा हात दिला.

लोकांचा अंदाज असा चुकणं खुद्द आयोवाच्या इतिहासातही घडून गेलेलं आहे. १९९८ मध्ये मुख्य प्रशिक्षक हेडन फ्राय निवृत्त झाले. एका काळी त्यांच्या हाताखाली बॅरी अल्वारेझ, बिल स्नायडर, कर्क फेरेंट्झ असे सहायक होते, जे पुढे सगळे नावारूपाला आले. फ्राय यांच्या जागी लोकांना हवा होता बॉब स्टूप्स, आयोवाचाच जुना खेळाडू आणि तेव्हा फ्लोरिडाचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. तो ओक्लाहोमाला गेला आणि दुसऱ्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपद घेऊन बसला. आयोवाला मिळाले कर्क फेरेंट्झ. पहिल्या वर्षी एक विजय आणि दहा पराभव, दुसऱ्या वर्षी तीन विजय आणि नऊ पराभव. त्या दोन वर्षांत आयोवात काय बोललं गेलं असेल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. २००२ मध्ये संघाने अकरा सामने जिंकले. सप्टेंबर २०२५ मध्ये फेरेंट्झ यांनी वुडी हेज यांना मागे टाकलं आणि बिग टेन या परिषदेतल्या संघांसाठी सर्वांत जास्त सामने जिंकणारे प्रशिक्षक झाले.

ब्रायनच्या जागी जानेवारी २०२४ च्या अखेरीस टिम लेस्टर आला. तेव्हा पुन्हा वाद. लेस्टर वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाचा सहा वर्षं मुख्य प्रशिक्षक होता, ३७ विजय आणि ३२ पराभव अशा नोंदीवर त्याला तिथून काढलं होतं. आयोवाचे लोक म्हणाले, सगळ्या देशातून शोध घेऊन आम्हाला काढून टाकलेला माणूस मिळाला का? दुसरे म्हणाले, २०२१ मध्ये याच माणसाच्या संघाने पिट्सबर्गवर ४४ गुण चढवून त्यांना हरवलं होतं, आणि पिट्सबर्ग त्या वर्षी आपल्या परिषदेत विजेता ठरला. लेस्टर स्वतः क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला आणि आयोवात येण्याआधीचं वर्ष त्याने ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघात विश्लेषक म्हणून काढलेलं. आयोवाला पळण्यावर आधारलेला खेळ सोडायचा नव्हता. लेस्टरने तोच खेळ ठेवला, पण चाल सुरू होण्याआधी खेळाडूंना इकडून तिकडे हलवून समोरच्याला गोंधळात टाकण्याची पद्धत आणली.

२०२४ मध्ये आयोवाची सरासरी २७ गुणांच्या वर गेली. केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड पळाला आणि पळून त्याने २१ टचडाउन केले. हाच जॉन्सन आधीच्या दोन हंगामांतही संघात होता. २०२३ मध्ये दुखापतीमुळे काही सामने हुकले, तरी खेळाडू तोच. मुख्य प्रशिक्षकही तेच. पण चेंडू फेकून मिळवलेल्या यार्डांत आयोवा २०२४ मध्येही देशाच्या तळाशीच राहिला आणि हंगाम आठ विजय आणि पाच पराभव असा संपला. २०२२ मध्ये, ब्रायनच्या १७.७ सरासरीच्या वर्षीही, आठ विजय आणि पाच पराभव होते.

म्हणून आयोवातल्या पहिल्या दोन गटांना मी अर्धे गुण देतो. सहायक बदलून आक्रमण सुधारतं हे पहिल्या गटाचं म्हणणं खरं ठरलं. सरासरीतली दहाहून जास्त गुणांची वाढ थोडी नाही. मुख्य प्रशिक्षक नको म्हणतो तिथवर सहायक जाऊ शकत नाही हे दुसऱ्याचं म्हणणंही खरं ठरलं. पासिंगचे आकडे त्याची साक्ष आहेत. ज्याला पूर्ण शून्य मिळायला हवं ते त्या २५ गुणांच्या अटीला. ती ज्या बार्टांनी घातली ते तिचा निकाल लागण्याआधी निवृत्त झाले, आणि निर्णय शेवटी गेट्झ यांनी हंगाम संपायची वाट न पाहता घेतला. करार करताना ज्या आकड्यावर सगळं अवलंबून ठेवलं होतं, त्याची निर्णयाच्या दिवशी कुणालाच गरज पडली नाही.